उन्हाळी जाळीदार स्कार्फ: सुती, बांबू की लिनन?

तीन स्कार्फ समोर पसरून लिहायला बसले आहे. तिन्ही मीच क्रोशाने विणलेले आणि विणले तेव्हा मापाने जवळपास सारखे, म्हणजे 160 सेंटिमीटर लांब आणि 25 रुंद. एक मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चमक आणलेल्या सुताचा, दुसरा बांबूचा, तिसरा लिननचा. सुती सारखा वापरात असतो. बांबूचा तिघांत सर्वांत देखणा, पण कपाटातून क्वचितच बाहेर येतो. लिननशी जमवून घ्यायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

अॅक्रिलिक या यादीत नाही, कारण त्याचा प्रश्न लवकर सुटतो. सूत हवेतली सात-आठ टक्के ओल सहज धरून ठेवतं, लिनन आणि बांबू त्याहून जास्त. अॅक्रिलिक जेमतेम दोन टक्के. घाम आला की ते टिपत नाही आणि मानेला चिकटून बसतं. थंडीसाठी ठेवा. सूत-अॅक्रिलिक मिश्रण घरात पडलेलं असेल आणि त्यात निम्म्याहून जास्त सूत असेल, तर मात्र फेकू नका, चालून जातं.

आता मूळ मुद्दा. आपण आधी नमुना निवडतो, मग रंग, आणि स्कार्फचं वजन किती होईल याचा विचार कुणी करतच नाही. क्रोशाच्या प्रत्येक टाक्यात धागा स्वतःभोवतीच गुंडाळला जातो, त्यामुळे हे कापड मुळातच जाड. त्यात सूत आणि बांबू हे दोन्ही धागे लोकरीपेक्षा जड. बांबूच्या स्कार्फवर शिंपल्यांची भरगच्च वीण घातली तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही. गळ्यात घातला आणि वाटलं, कुणी ओला टॉवेल टाकलाय. काट्यावर ठेवला तर दीडशे ग्रॅमच्या जवळ.

तेव्हापासून मी आधी 15 बाय 15 सेंटिमीटरचा तुकडा विणते, धुते, वाळवते आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवते. वर दिलेल्या मापाचा स्कार्फ म्हणजे असे जवळपास 18 तुकडे. तुकडा 5 ग्रॅम भरला तर स्कार्फ 90 ग्रॅमच्या आसपास जाईल, 8 ग्रॅम भरला तर 140 च्या पुढे. माझी मर्यादा 100 ग्रॅम. त्यावर गेलं की धागा बदलायचा नाही, आधी सुई बदलायची. लेबलवर अडीच-तीन मिलिमीटरची सुई सांगितली असेल तर साडेतीन किंवा चारची घ्यायची. तोच धागा, तेच टाके, पण मध्ये हवा जास्त. माझ्या मते हलकेपणा धाग्यापेक्षा सुईत जास्त असतो, आणि हे कळेपर्यंत मी बरेच महागडे गुंडे वाया घालवले.

हाच तुकडा रात्रभर चिमट्याला टांगूनही ठेवा. सकाळी तो किती लांबलाय यावरून पुढे स्कार्फ किती लोंबणार याचा अंदाज येतो. सुई फार मोठी घेतली तर विणकाम विरविरीत होतं आणि टाके जागा सोडतात, तेही इथेच कळतं.

सूत

मर्सराइज्ड म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेलं सूत. जॉन मर्सर या इंग्रजाने 1850 मध्ये तिचं पेटंट घेतलं. सूत ताणून धरून ही प्रक्रिया केली की चमकही येते, हे नंतर लक्षात आलं. असा धागा मजबूत असतो, रंग चांगला धरतो आणि त्याच्यावर तूस कमी येतं. जाळीकामात याचा थेट फायदा दिसतो: टाका सुस्पष्ट उठतो, भोक भोकासारखं दिसतं. साधं सूत हाताला जास्त मऊ, पण त्याच्या मऊपणात नमुना विरघळून जातो. अंगावर ओघळणं दोघांनाही फारसं जमत नाही, सूत थोडं ताठच राहतं. त्यावर मोठी सुई हाच उपाय.

सुताचा मला सर्वांत आवडणारा गुण म्हणजे ओलं झालं की ते दुबळं होत नाही, उलट किंचित बळकट होतं. रोज घामाने भिजणाऱ्या आणि वरचेवर धुवाव्या लागणाऱ्या वस्तूला आणखी काय हवं? दोष एवढाच की लोकरीसारखा लवचीकपणा नाही. ताण धाग्याने नाही, बोटांनी सांभाळायचा. एखादी ओळ घट्ट आणि पुढची सैल झाली तर सूत ते लपवत नाही.

जाडी निवडताना दोन रस्ते आहेत. एक म्हणजे चार पदरी बारीक सूत, 50 ग्रॅमला साधारण 170 मीटर भरणारं. दुसरा म्हणजे क्रोशाचा नंबरी दोरा. यात नंबर वाढला की दोरा बारीक होतो, हे नव्याने शिकणाऱ्याला नेहमी उलटं वाटतं. 10 नंबरचा 50 ग्रॅमचा गुंडा 270-280 मीटरचा, 20 नंबरचा 400 मीटरच्या आसपास. 20 नंबरमध्ये स्कार्फ झिरझिरीत, अप्रतिम होतो आणि संपता संपत नाही. पहिल्यांदा विणणाऱ्याने चार पदरीच घ्यावं.

बांबू

बांबूच्या धाग्याभोवती बराच गोडगोडपणा आहे. बाजारात मिळणारा बहुतेक 'बांबू' म्हणजे बांबूच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला व्हिस्कोस, रेयॉनचाच भाऊ. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने 2009 मध्ये अशा रेयॉनला नुसतं 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली होती, ती याच कारणावरून. निसर्गाच्या ओढीने घेणार असाल तर एवढं माहीत असू द्या.

पण अंगावर पडतो कसा! सुळसुळीत, थंडगार, पाण्यासारखा ओघळणारा. या एका बाबतीत सूत त्याच्या जवळपासही जात नाही. समारंभाला मिरवण्यासाठी, दोन-तीन तास गळ्यात राहील अशा स्कार्फसाठी याहून चांगला धागा मला सापडलेला नाही.

रोजच्या वापरात मात्र तोच गुण उलटतो. ओघळणारा धागा ओघळतच राहतो. माझा स्कार्फ वर्षभरात हातभर लांबला, मधोमध झोळ पडला. व्हिस्कोस ओला असताना खूपच कमजोर होतो, म्हणून पिळायचा नाही आणि पाण्यातून काढताना दोन्ही हातांनी तोलून धरायचा. विणतानाही पदर सुटे होतात, सुईचं टोक धाग्याच्या मध्ये घुसतं. बोथट टोकाची सुई घ्यावी, आणि धातूऐवजी लाकडी घेतली तर धागा जरा ताब्यात राहतो.

लिनन

पहिल्या दिवशी लिनन म्हणजे सुतळी. ताठ, खरखरीत, अजिबात न ताणणारा. अर्ध्या तासाने मनगट बोलायला लागतं. विणून झालेला स्कार्फ तर मला टेबलावर पसरायच्या लायकीचा वाटला होता. पण पाच-सहा धुण्यांनंतर तो असा काही मऊ पडला की आता कडक उन्हात बाहेर पडताना हात त्याच्याकडेच जातो. ओल पटकन टिपतो, पटकन वाळतो, अंगाला चिकटत नाही, आणि सुतासारखाच ओला असताना बळकट. चुरगळतो, ते सोडून द्या. जाळीत चुरगळलेलं फारसं दिसत नाही.

हात दुखत असतील किंवा भेट चार दिवसांत द्यायची असेल तर लिननच्या वाटेला जाऊ नका. सूत-लिनन मिश्रण हा मधला मार्ग, आणि खरं तर बऱ्याच जणींसाठी तोच बरोबर.

वीण कोणती

धाग्याइतकाच फरक विणीने पडतो. खांब म्हणजे सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका. साधी चौकटींची जाळी (एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा खांब) सर्वांत हलकी आणि डोक्याला आराम देणारी. गप्पा मारता मारता होते. तिचा भाऊ म्हणजे व्ही-टाका: एकाच जागी खांब, साखळी, खांब. वरच्या ओळीत सुई टाक्यात न घालता साखळीखालच्या मोकळ्या जागेत घालायची, त्यामुळे अंधुक उजेडातही चुकत नाही. मी कुणालाही आधी हीच सुचवते.

अननसाचा नमुना सगळ्यांना हवा असतो. दिसतो सुंदर, पण त्याच्या बुडाशी खांबांचा दाट पंखा असतो आणि तिथे वजन साचतं. शिवाय एक अननस पुरा व्हायला दहाएक ओळी लागतात आणि ओळीगणिक एक वेटोळं कमी होत जातं. एक मोजायचं चुकलं तर चार ओळी वर गेल्यावर कळतं. सबंध स्कार्फ अननसांचा करण्यापेक्षा दोन्ही टोकांना एकेक रांग आणि मध्ये साधी जाळी, हा मला पटलेला तोडगा. बहुरंगी धाग्यावर तर अननस घालूच नका. रंगांच्या गर्दीत तो दिसत नाही आणि मेहनत पाण्यात.

सॉलोमन गाठ, म्हणजे सुईवरचं वेटोळं दीड-दोन सेंटिमीटर लांब ओढून मुक्या खांबाने (वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्याने) बांधायचं. एका बसणीत वीतभर होतं आणि स्कार्फ जवळजवळ हवाच. मात्र कानातल्यात, बटणात, पिशवीच्या पट्ट्यात, सगळीकडे अडकतं. बांबूच्या धाग्यात ही वीण केली तर तुमचं तुम्ही बघा.

इंग्रजी नमुना वाचून विणणार असाल तर एक अडचण आधीच सांगते. आपला जो खांब, त्याला अमेरिकी नमुन्यात 'डबल क्रोशे' म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यात 'ट्रेबल'. ब्रिटिशांचा 'डबल' म्हणजे आपला मुका खांब. नमुना कुठल्या पद्धतीचा आहे हे न बघता सुरुवात केली तर झिरझिरीत जाळीऐवजी पायपुसणं तयार होतं.

आडवा की उभा

रुंदीच्या 50-60 साखळ्या घालून विणत गेलात तर धागा संपेल तिथे थांबता येतं. लांबीच्या तीन-साडेतीनशे साखळ्या घालून विणलं तर ओळी स्कार्फभर लांब धावतात, फार छान दिसतात, आणि पायाची साखळी दोरीसारखी काठ धरून ठेवते म्हणून तो कमी लोंबतो. पण इतक्या साखळ्या मोजायच्या कुणी? मी दर पन्नासाव्या साखळीला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवते. दोन्ही प्रकारांत पायाची साखळी अर्धा मिलिमीटर मोठ्या सुईने घाला, नाहीतर काठ आक्रसतो आणि स्कार्फ होडीसारखा वाकतो.

झाल्यावर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि टाचण्या लावून सपाट वाळवायचा. जाळी यानेच उघडते. त्याआधी गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा घासून बघा. सुती आणि लिननच्या स्कार्फला हा उपद्व्याप दर धुण्यानंतर थोडाफार करावा लागतो, कारण लोकरीसारखा त्यांना आकार लक्षात राहत नाही. मी टाचण्यांचा नाद सोडलाय. ओला असताना हाताने ताणून सपाट पसरते, तेवढं पुरतं.

राहता राहिली धाग्याची टोकं. जाळीत ती लपवायला जागाच नसते. नवा गुंडा नेहमी काठाला जोडा, दोन्ही टोकं वीतभर ठेवा, आणि काठाच्या खांबातून आधी खाली, मग वर अशी ओवा. मर्सराइज्ड सूत आणि बांबू इतके गुळगुळीत की एका फेरीत ओवलेलं टोक दुसऱ्या धुण्यात हटकून बाहेर डोकावतं.