१० मिलिवॅटचा रेड लाइट पेन: खोक्यावरच्या किलोमीटरना भुलू नका

ऑप्टिकल फायबरमधला दोष किती अंतरावर आहे ते मोजणाऱ्या ओटीडीआर यंत्राला सुरुवातीच्या काही मीटरमधला दोष नीट दिसत नाही. नेमका तिथेच फायबरमध्ये लाल लेसर सोडून दोषाची जागा दाखवणारा हा पेन कामाला येतो. स्प्लाइस ट्रे (फायबरचे सांधे ठेवायची तबकडी), पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल) आणि घरातली जोडणी तपासायला १० मिलिवॅट, ६५० नॅनोमीटरचा पेन घ्या, पैसे वसूल होतील.

खोक्यावर १० किलोमीटर छापलेलं असतं, ते सोडून द्या. तरंगलांबी जितकी कमी, तितका काचेत प्रकाश जास्त विखुरतो. १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डीबी (डेसिबल, प्रकाशाची घट मोजायचं एकक) जातात, तर ६५० ला पाचाच्या आसपास. ३० मिलिवॅटचा पेन घेतलात तरी जेमतेम ५ डीबी, म्हणजे एखादा किलोमीटरच वाढतो. डोळ्यांचा धोका मात्र तिप्पट होतो. १० मिलिवॅटचा झोतही डोळ्यात जाता कामा नये.

पेन उन्हात तापला की प्रकाश मंदावतो. दर वेळी सेल उतरलेले नसतात. यातल्या लेसरचे थर गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर एमओसीव्हीडीने (वायूंपासून थर चढवायच्या पद्धतीने) वाढवतात, ॲल्युमिनियम गॅलियम इंडियम फॉस्फाइडचे. त्यांत इलेक्ट्रॉन अडवणारी भिंत मुळातच बुटकी असते, तापमान चढलं की ते निसटतात. ६३५ चा लाल रंग डोळ्याला जवळपास दुप्पट उजळ दिसतो, पण त्यात ही भिंत आणखी बुटकी. म्हणून आपल्या उन्हाळ्यात ६५० च बरा, आणि तोही गाडीच्या डॅशबोर्डवर नको.

फेरूल (कनेक्टरच्या टोकाची, फायबर धरणारी नळी) पुसून बसवा, पेन ब्लिंकवर ठेवा. फास्ट कनेक्टरमध्ये (जागेवरच हाताने बसवायच्या कनेक्टरमध्ये) फिकट लाली चालते. भडक लाल ठिपका दिसला तर क्लीव्ह (फायबरच्या टोकाचा सरळ काप) बिघडलाय किंवा मध्ये फट आहे: फायबर पुन्हा सोला, अल्कोहोलने पुसा, नव्याने क्लीव्ह करा. घरापर्यंत येणाऱ्या काळ्या ड्रॉप केबलच्या आवरणातून मात्र काहीच दिसत नाही.

सगळ्यात मोठी फसगत वाकणाची. लाल प्रकाश गाभ्यात घट्ट धरलेला असतो, त्यामुळे ज्या वळणावर १५५० गळतो तिथून तो आरामात पुढे जातो. पलीकडे लाल दिसलं म्हणून लाइन पास करू नका, पॉवर मीटरवर १४९० (घराकडे येणाऱ्या इंटरनेट सिग्नलची तरंगलांबी) मोजाच.

हिरव्या एपीसी कनेक्टरचं टोक ८ अंश तिरकं असतं, त्यातून प्रकाश कमी शिरतो. एलसी या छोट्या कनेक्टरसाठी १.२५ मिलिमीटरचं ॲडॉप्टर सोबत आलंय का, ते दुकानातच बघा. कनेक्टर तिरका घुसवला की आतली सिरॅमिक स्लीव्ह तडकते.