मिरजेजवळचं मुलांचं रानातलं शिबिर: घ्यायचं तर दोन दिवसांचंच घ्या

उसाच्या मळ्याला लागून विहीर, विहिरीवर वाकलेली बाभूळ आणि बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी. ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीच्या या शिबिराचा खरा वर्ग इथेच भरतो. पैसे वसूल होतात तेही याच सत्रात.

पक्ष्याचं नाव आधी सांगत नाहीत, पाट्या-पेन्सिली देऊन चित्र काढायला बसवतात. एक नळीवालं पुरं घरटं आणि त्याच्या शेजारचं, टोपीसारखं अर्धवट सोडलेलं, दोन्ही काढायची. मग आपोआप प्रश्न येतो, हे असं अर्धंच का? घरटं नर विणतो. टोपीएवढं झालं की मादी येऊन बघून जाते. पसंत पडलं तर अंड्यांची खोली आणि नळी पुरी होते, नाहीतर काम तिथेच थांबतं. (नाव सुगरणीचं, राबतो तो बिचारा!) हे उत्तर शिबिर घेणाऱ्या ताई लगेच देत नाहीत, अर्धा तास मुलांना वाद घालू देतात. हे फार चांगलं आहे.

त्यानंतर मुलं स्वतः विणायला घेतात. नर पात्याला चोचीने खाच पाडतो आणि टोक धरून उडतो, तशी लांब पट्टी फाटत येते. मुलं नखाने तेच करतात. पट्टी अर्धा सेंटिमीटर रुंद, हातभर लांब. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी कापते, म्हणून ती किनार आधी काढून टाकायची. सुरुवात फांदीला गाठी मारून कडं करण्यापासून. कडं सैल राहिलं की पुढचं सगळं विणकाम फांदीभोवती गरागरा फिरतं, आणि बहुतेकांचं पहिलं कडं सैलच होतं. आमची तक्रार पाल्याबद्दल आहे: सकाळी कापून उन्हात टाकलेला असतो, दुपारी घडी घातली की मोडतो. ओल्या पोत्यात गुंडाळला तर संध्याकाळपर्यंत लवचिक राहील.

हळदीने कापड रंगवायचं सत्रही झकास. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या बऱ्याच मुलांनाही हळद म्हणजे डब्यातली पूड. इथे हळकुंडं कुटण्यापासून सुरुवात होते. १०० ग्रॅम मांजरपाटाला १५ ग्रॅम तुरटी, २५ ग्रॅम हळद, दोन लिटर पाणी. कापडाची खळ रिठ्याच्या पाण्यात आधी काढावी लागते, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे पाणी गाळूनच घ्यायचं. कापड त्या पाण्यात अर्धा तास मंद आचेवर ठेवून मग वाळवलं की त्यावर ब्रशने चुन्याच्या निवळीने चित्र काढतात. रेघ लालभडक उमटते. आपल्याकडे हळदीचं कुंकू होतं ते असंच. चुकलेल्या रेघेवर लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळं. पण चुना डोळ्यात गेला तर इजा होते, लहानांच्या हाती तो देऊ नये. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने रंग तांबूस-नारिंगी येतो, चुन्याइतका गडद नाही, पण काम भागतं. हा रंग उन्हात विटतो आणि साबण लागला की लालसर होतो, हे मात्र पालकांना कोणी सांगत नाही. रुमाल घरी नेऊन धुतल्यावर फोन येतात म्हणे.

मातीकाम सगळ्यात कच्चं. काळ्या रानातली माती तशीच मळायला देतात. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच, तशाच त्या मुलांनी केलेल्या मातीच्या बैलालाही पडतात. नदीकाठचा पोयटा (गाळाची माती) तीन भाग आणि चाळलेली बारीक वाळू एक भाग, दिवसभर भिजवून मळली तर निम्मी रडारड वाचेल. शिंगं, शेपटी नुसती दाबून चिकटवली की गळतात. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावायला हवा. एक दिवसाच्या शिबिरात हे काम शेवटच्या तासात उरकतात आणि ओला बैल पिशवीत घालून देतात. घरी पोचतो तो गोळा. दोन दिवसांच्या शिबिरात माती रात्रभर आवळते, निदान हातात धरून नेता येते. पुढे चार-पाच दिवस सावलीतच वाळवा, पंख्याखाली नको.

जायचं तर जून ते सप्टेंबर. उन्हाळ्याच्या सुट्टीत विणणारा नर दिसत नाही, जुनी घरटी तेवढी दाखवतात. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद बूट द्या. आणि नाव नोंदवण्याआधी विहिरीचं विचारा. कठडा मुलांच्या गुडघ्याएवढाच आहे. चित्र काढताना तिथे एक माणूस कायम उभा असतो खरा, पण विणकामाच्या वेळी तोच पाला आणायला जातो.