कुडाळहून उडणाऱ्याने कोणत्या विमान कंपनीचे सदस्य व्हावे?

काजूच्या व्यापारामुळे मला वर्षातून तीस-पस्तीस वेळा विमानात बसावे लागते आणि दर वेळी इकॉनॉमीतच, कारण तिकिटाचे पैसे आमच्याच छोट्या कारखान्याच्या गल्ल्यातून जातात. दिल्लीच्या खारी बावलीतले सुक्या मेव्याचे व्यापारी, हैदराबाद आणि अहमदाबादचे मिठाईवाले, आणि काजू फोडण्याच्या यंत्रांसाठी वर्षाकाठी व्हिएतनामच्या हो ची मिन्ह शहराच्या एक-दोन फेऱ्या, असा माझा साधारण प्रवास असतो. एवढ्या प्रवासाला विमान कंपन्यांच्या, उडाल तसे पॉइंट आणि मानाचा दर्जा देणाऱ्या सदस्यत्व योजनांपैकी कोणती उपयोगी पडते, हे मी गेली तीन वर्षे वहीत हिशेब ठेवून तपासत आहे.

सुरुवातीलाच सांगितले पाहिजे की मुंबईत राहणाऱ्याला दिला जाणारा सल्ला आमच्या उपयोगाचा नसतो. मुंबईकराला कोणत्याही कंपनीचे विमान दिवसातून अनेकदा मिळते, त्यामुळे तो आधी योजना निवडून मग विमान निवडू शकतो. आमच्याकडे क्रम उलटा आहे. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला, पण तेथून दिल्ली-हैदराबादच्या धंद्याचे वेळापत्रक बांधावे इतकी सेवा मला कधी मिळाली नाही. 5 जानेवारी 2023 पासून गोव्यातल्या मोपाच्या मनोहर विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि दिल्लीच्या सकाळच्या भेटीसाठी आदल्या रात्री रेल्वेने मुंबई गाठण्याची दगदग संपली. कुडाळहून बांद्यामार्गे मोपा गाठायला तासाभराच्या आसपास वेळ लागतो. म्हणून माझ्यासारख्याचा पहिला प्रश्न असा की आपल्याला हवे त्या वेळी मोपाहून कोणाचे विमान सुटते. योजना कितीही उदार असली आणि तिच्या कंपनीचे विमान गैरसोयीच्या वेळी सुटत असले, तर त्या पॉइंटांची किंमत दिल्लीच्या एका मुक्कामाच्या भाड्यात निघून जाते.

या कसोटीवर इंडिगो आपोआपच पुढे येते. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी या एका कंपनीने जातात आणि माझ्याही वहीत तिच्याच फेऱ्या सर्वांत जास्त आहेत. तरीही 2006 साली सुरू झालेल्या या कंपनीकडे कित्येक वर्षे वारंवार प्रवास करणाऱ्यासाठी पॉइंटांची योजनाच नव्हती. स्वस्त आणि वेळेवर उडणे हीच आमची सवलत, असा तिचा बाणा होता. 2024 मध्ये तिने ब्लूचिप ही योजना आणली. ब्लू 3, ब्लू 2 आणि ब्लू 1 अशा तिच्या तीन पायऱ्या असून आकडा जितका लहान तितका मान मोठा, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. खर्चलेल्या रुपयांच्या प्रमाणात ब्लूचिप (योजनेच्याच नावाचे पॉइंट) जमा होतात आणि त्या पुढच्या तिकिटासाठी वापरता येतात. हिशेब सोपा आहे आणि मला तो आवडला. उणीव इतकीच की इंडिगो कोणत्याही जागतिक आघाडीची, म्हणजे एकमेकींच्या सदस्यांना सवलती देणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटाची, सदस्य नाही, म्हणजे येथे वरची पायरी गाठून कमावलेला दर्जा बँकॉकच्या किंवा सिंगापूरच्या काउंटरवर दाखवून काही मिळेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

एअर इंडियाची बाजू याच्या नेमकी उलट आहे. ही कंपनी 11 जुलै 2014 पासून स्टार अलायन्स या आघाडीत आहे. सिंगापूर एअरलाइन्स, थाई, लुफ्तान्सा, युनायटेड अशा कंपन्या त्याच आघाडीत असल्यामुळे एका खात्यात त्या सर्वांचा प्रवास जमा करता येतो. तिची जुनी फ्लाइंग रिटर्न्स योजना 2024 मध्ये मुळापासून बदलली आणि पुढे तिला महाराजा क्लब असे नाव मिळाले. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराच्या सदस्यांचे पॉइंटही याच खात्यात वळवले गेले. येथे रेड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा चार पायऱ्या आहेत. पूर्वी किती लांब उडलात यावर माइल्स (पॉइंटांचेच दुसरे नाव) ठरत, आता एअर इंडियाच्या स्वतःच्या विमानांवर किती रुपये भरलेत यावर पॉइंट ठरतात. स्वस्तातली लांब तिकिटे हेरणाऱ्यांना हा बदल आवडला नाही. माझ्यासारख्या शेवटच्या क्षणी महाग तिकीट काढणाऱ्याला मात्र तो पथ्यावर पडला, कारण व्यापाऱ्याचा फोन मंगळवारी आला तर गुरुवारचे तिकीट काढावे लागते आणि ते स्वस्त कधीच नसते.

आता पॉइंटांच्या खऱ्या किमतीबद्दल, कारण फसगत येथेच होते. तिकिटावर दिसणाऱ्या सगळ्या रकमेवर पॉइंट मिळत नाहीत. इकॉनॉमीवरचा 5 टक्के जीएसटी, विमानतळाचे विकास शुल्क आणि असेच इतर कर वगळून जे मूळ भाडे उरते त्यावर ते मोजले जातात. समजा 5,400 रुपयांच्या तिकिटात 1,200 रुपये कर-शुल्काचे असतील, तर हिशेबाला उरले 4,200. शंभराला 6 पॉइंट धरले तर एका फेरीचे 252 झाले. अशा तिकिटासाठी 6,000 पॉइंट लागत असतील, तर एक फुकट फेरी मिळवायला चोवीस फेऱ्या माराव्या लागतील, आणि त्या ‘फुकट’ तिकिटावरचे कर तरीही रोख भरावे लागतील ते वेगळेच. प्रत्येक योजनेचे खरे आकडे वेगळे असतात आणि ते बदलतातही, पण ही वजाबाकी सगळीकडे लागू पडते. माझे म्हणणे असे की इकॉनॉमीतल्या प्रवाशाने पॉइंटांना उधारीवर मिळालेली चार-पाच टक्क्यांची सूट समजावे आणि मिळताच खर्चून टाकावे. साठवून ठेवलेले पॉइंट ओल्या काजूसारखे असतात, वेळेत वापरले नाहीत तर वाया जातात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेचे माइल्स 36 महिन्यांनी संपतात, आणि ज्यांना मुदत नसते त्यांचे मोल कंपनी एका सूचनेसरशी कमी करू शकते.

पॉइंटांपेक्षा दर्जा कामाचा, हे मला दोन वर्षांपूर्वी बँकॉकच्या काउंटरवर कळले. वेंगुर्ल्याचे एक व्यापारी आणि मी हो ची मिन्हहून एकत्र परतत होतो. दोघांच्याही बॅगांत काजू फोडण्याच्या यंत्राची सुटी पाती होती. दिसायला मूठभर, पण काट्यावर चढवली की आकडा भराभर वर जातो. बँकॉकला आमची तिकिटे वेगळी असल्यामुळे सामान पुन्हा द्यावे लागले. माझी बॅग 29 किलोवर थांबली आणि काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे जास्तीच्या वजनाची पावती फाडली. त्यांची बॅग 31 किलो भरली. त्यांनी फोनवरचे गोल्ड कार्ड दाखवले, तिने बॅगेला ‘प्रायॉरिटी’ची पट्टी बांधली आणि विषय संपला. स्टार अलायन्सच्या गोल्ड सदस्याला आघाडीतल्या कोणत्याही कंपनीच्या विमानात वजनाच्या हिशेबाने 20 किलो किंवा नगाच्या हिशेबाने एक नग जास्त नेता येतो. शिवाय लाउंजमध्ये बसता येते, काउंटरची आणि विमानात चढण्याची रांग वेगळी असते. त्याखालच्या सिल्व्हर दर्जाला आघाडीच्या पातळीवर प्रतीक्षायादीतले प्राधान्य सोडले तर फारसे काही नाही. एप्रिल-मे महिन्यांत हापूसची पाच डझनी पेटी पंधरा किलोच्या आसपास भरते, म्हणजे देशांतर्गत इकॉनॉमीची सगळी सवलत एका पेटीत संपते. दिल्लीच्या व्यापाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाणे आमच्या धंद्यात बसत नाही, तेव्हा या 20 किलोंचा अर्थ मी वेगळा समजावून सांगायला नको.

याच कारणाने काही जण सिंगापूर एअरलाइन्सची क्रिसफ्लायर योजना घ्यावी असा सल्ला देतात. योजना जुनी आहे आणि तिचे नाव चांगले आहे, पण आकडे पाहावेत. तिच्या गोल्ड दर्जाला बारा महिन्यांत 50,000 माइल्स लागतात. मुंबई-सिंगापूर अंतर एका दिशेने साधारण अडीच हजार मैल आहे. सवलतीच्या भाड्यावर अंतराच्या निम्मेच माइल्स मिळतात असे धरले तर वर्षाला वीसेक जाण्या-येण्याच्या फेऱ्या कराव्या लागतील. तेवढा प्रवास करणारा माणूस बहुधा सिंगापुरातच घर घेईल. वर्षात दोनदा परदेशी आणि तीसदा देशात उडणाऱ्याचा दर्जा देशातल्या फेऱ्यांवरच उभा राहायला हवा. त्या दृष्टीने देशी कंपनीची, पण आघाडीतली योजना हाच मार्ग उरतो.

देशी कंपनीवर विसंबण्यातला धोकाही मोजला पाहिजे. जेट एअरवेजचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 रोजी उडाले. तिची जेटप्रिव्हिलेज योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर असल्यामुळे टिकली आणि पुढे इंटरमाइल्स झाली, त्यामुळे माइल्स खात्यात राहिले. पण गोल्ड आणि प्लॅटिनम कार्डे दाखवायला विमानच उरले नाही. किंगफिशर त्याआधी 2012 मध्येच जमिनीवर आली होती. दर्जा हा कंपनीच्या तब्येतीएवढाच टिकतो.

एक अडचण खास आपल्या नावांची आहे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, काही ओळखपत्रांवर आडनाव पहिले येते, आणि ट्रॅव्हल एजंट तिकिटावर कधी वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर टाकतो. आघाडीतल्या एका परदेशी कंपनीच्या फेरीचे पॉइंट माझ्या खात्यात आले नाहीत, म्हणून मी बोर्डिंग पासचा फोटो आणि तिकीट जोडून दावा केला. सात आठवड्यांनी उत्तर आले की तिकिटावरचे नाव सदस्याच्या नावाशी जुळत नाही. वडिलांचे नाव तिकिटावर होते, खात्यात नव्हते, एवढीच ती चूक. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर आले, आणि तोवर दावा करण्याची मुदत संपली होती. तेव्हापासून पासपोर्टवर आहे तसेच नाव मी प्रत्येक खात्यात आणि तिकिटात घालतो. सदस्य क्रमांक तिकीट काढतानाच टाकतो आणि बोर्डिंग पास पॉइंट जमा होईपर्यंत फेकत नाही.

क्रेडिट कार्डांचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो. दोन रुपये कापून लाउंजमध्ये सोडणारी कार्डे आपल्यापैकी अनेकांच्या खिशात आहेत आणि वर्षात चार-पाचदा उडणाऱ्याला तेवढी पुरेशी आहेत. अलीकडे बँकांनी त्यावर तिमाही खर्चाच्या अटी घातल्यामुळे केवळ लाउंजमधल्या इडलीसाठी कार्ड घेणे मला तरी पटत नाही.

माझा निर्णय असा झाला आहे. मोपाहून जे विमान सोयीचे ते घ्यायचे. ते इंडिगोचे असेल तर ब्लूचिप जमा करून वर्षाच्या आतच एखाद्या तिकिटात संपवायचे. वेळ आणि भाडे यांत उन्नीस-बीस फरक असेल तर एअर इंडिया घ्यायचे आणि परदेशातल्या स्टार अलायन्सच्या सगळ्या फेऱ्याही महाराजा क्लबच्याच खात्यात टाकायच्या. सध्या तेथे मी सिल्व्हर आहे आणि गोल्डला काही फेऱ्या कमी पडत आहेत. मला मोपाला सोडणारा गाडीवाला परवा माझे हे गणित ऐकून म्हणाला, “इतके पॉइंट घेवन करतलात काय?” मी त्याला यंत्राच्या पात्यांचे वजन सांगितले. त्याने डिकीत बॅग ठेवताना ती हाताने तोलून पाहिली आणि पुढे काही विचारले नाही.