कॅराव्हॅनला कव्हर की छप्पर?

कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, चार-सहा महिने उभी राहणार असेल तर कव्हर स्वस्त पडतं, काम झालं की घडी करून ठेवता येतं. पण साधी प्लास्टिकची ताडपत्री नकोच. आत ओल कोंडते, गाद्यांना बुरशी धरते. वाऱ्याने फडफडून कोपऱ्यांवरचा रंग खरवडला जातो. घ्यायचंच तर हवा खेळू देणारं कव्हर घ्या, कोपऱ्यांना आधी फोम गुंडाळा, पट्टे घट्ट आवळा.

पत्र्याचं छप्पर महाग, जागाही अडवतं. तरी माझा कौल त्यालाच. टपावरच्या खिडकीभोवतीचं सीलंट (फटी बुजवणारा थर) उन्हाने तडकतं आणि तिथूनच पाणी झिरपतं. छपराखाली ते टिकतं, शिवाय अधूनमधून शिडी लावून, बोट फिरवून तपासताही येतं. तिरपं ऊन मात्र टायरांपर्यंत पोचतंच. त्यांना वेगळी झाकणं घाला.