विस्तारवाल्यांचं ट्रेनिंग: एक पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

ट्रेनिंग किती दिवसांचं, राहायची सोय कशी, टीए-डीए कधी मिळतो हे शेती विस्तारात, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत नवी तंत्रं पोचवायचं काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. लिहायला बसलो कारण पावसाआधी मी केलेल्या ट्रेनिंगचा अहवाल परवा वाचला, मूल्यमापनाच्या पानावर एकच ओळ, 'सहभागी अत्यंत समाधानी'. वाचून डोकंच फिरलं.

ते समाधान कसं मोजलं ते सांगतो. शेवटच्या दिवशी जेवण झाल्यावर, फॉर्म द्या आणि सर्टिफिकेट घ्या. प्रश्न काय तर हॉल कसा होता, जेवण कसं होतं, वक्ते कसे बोलले, १ ते ५ मध्ये गोल करा. कुणाला बस गाठायची, कुणाला ट्रेन, अशा वेळी २ ला गोल कोण करणार? आणि आदल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं की कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्येच ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्यात: आवडलं का, शिकलात का, कामात वापरलंत का, फरक पडला का. बेनेटची १९७५ ची सात पायऱ्यांची शिडी तर खास विस्तारासाठीच आहे. हे सगळं स्लाइडवर दाखवून स्वतःची तपासणी मात्र पहिल्याच पायरीवर थांबवली, याचा मला अजून राग आहे.

ट्रेनिंग वाईट होतं असं कुणी समजू नका. बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे बुरशीवर फवारायच्या औषधाचं सत्र तर फार चांगलं झालं. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी हे प्रमाण पाठ सगळ्यांना असतं, पण तिथे प्रत्येकाला हाताने करायला लावलं. मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, मग त्यात लोखंडी सुरी बुडवायची, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत फिरतो, पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) कोळेरोगाला, म्हणजे पावसात फळं कुजून गळतात त्याला, हेच औषध, त्यामुळे परत आल्या आल्या वापरता आलं. कागद सगळे इंग्रजीत होते, ते मी कोंकणीत सांगितले, तो भाग वेगळा.

आता खरी गोष्ट. पावसाआधीची पहिली फवारणी बऱ्याच बागायतदारांनी केली, सुरीची परीक्षासुद्धा केली. ४०-४५ दिवसांनी दुसरी करायची असते, ती बहुतेकांची राहिली. माहिती नव्हती म्हणून नाही हो! भर पावसात उघडीप मिळेना, आणि मिळाली त्या दिवशी पोफळीवर चढणारा माणूस मिळेना. हे कुठल्या गोलात लिहू? 'शेतकरी ऐकत नाहीत' असा शेरा मारून उद्या परत बोर्डोचंच ट्रेनिंग ठेवतील, आणि अडचण आहे माणसाची.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि २ स्टार देणार होतो. मग त्याच सत्राच्या मॅडमचा फोन आला, गोव्यात येतेय, एखादं कुळागर दाखवाल का. आल्या, आणि मला काही न विचारता थेट बागायतदाराशी बोलत बसल्या, दुसरी फवारणी का राहिली, माणूस कितीला मिळतो, मिळतो कधी, सगळं वहीत लिहून घेतलं. मला एकच कागद दिला, ट्रेनिंगआधी किती येत होतं आणि आता किती येतं, दोन्ही आकडे एकदमच भरायचे. ही पद्धत मला पटली, कारण आपल्याला काय येत नव्हतं ते शिकल्यावरच कळतं. आधी विचारलं की सगळेच ४ लिहितात.

पण हे त्यांनी स्वतःच्या हौसेने केलं, कार्यक्रमात ते नव्हतंच. जाडजूड फाइल, बॅग, शेवटच्या दिवशीचं हॉटेलातलं जेवण, एवढा खर्च होतो, त्यातून पावसाळ्यानंतरची एक फेरी सहज निघाली असती. म्हणून शिकवण्याला ४, मूल्यमापनाला १ च ठेवतो, मॅडमचे गुण संस्थेला देणार नाही.

पुढच्या बॅचला जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारा, पीक निघाल्यावर कोण येणार आणि कुणाला विचारणार. आणि येताना बोर्डोची तयार पाकिटं आणू नका, मोरचूद आणि चुना इथे स्वस्त पडतो.