विटांच्या डिझाइनची काँक्रीट फरशी घेताय? आधी हे वाचा

80 टक्के पैसे आधीच काढून घेतले आमच्या अंगणात विटांच्या छापाची काँक्रीट फरशी बसवणाऱ्या ठेकेदाराने. 40 टक्के ऑर्डरच्या वेळी आणि 40 टक्के माल खाली उतरवायच्या आधी. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, गोड बोलणं, "टेन्शन घेऊ नका" आणि मग फोन बंद. पण या विटांच्या छापाच्या फरशीत नेमकं कुठे कुठे मारतात ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

सॅम्पल होतं 50 मिमी जाडीचं, ठोकलं की खणखणीत वाजणारं. अंगण 37 चौरस मीटर, 450 बाय 450 मिमीचे 180 नग ठरले. आले 168. जाडी 35 मिमी, काही तर 32! बाकीचे 12 उद्या येतील म्हणे.

उतरवताना एक फरशी हातातून सुटली आणि दोन तुकडे झाले. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. वर लाल रंगाची जेमतेम 2 मिमीची साल, खाली सगळं राखाडी, आणि नखाने खरवडलं तरी वाळू सुटतेय. त्याच क्षणी काम थांबायला हवं होतं. मी विचारलं नाही असं नाही, तिथल्या तिथे विचारलं, तर म्हणाला आतून ओली आहे, सुकली की रंग येतो. वरच्या थरातच रंग असणं यात तसं गैर काही नसतं, चांगल्या मालातही असतं, पण तो थर जाड असतो आणि खालचं काँक्रीट घट्ट असतं. हे सामान्य माणसाला कुठून माहीत असणार? तुटलेला तुकडा टाकू नका, तोच पुरावा आहे.

आता खरी चलाखी ऐका. ते 12 नग आलेच नाहीत, त्याने दोन फरशांमधले सांधेच रुंद केले. 10 मिमीचा सांधा ठरला होता तो 20 मिमीचा केला आणि तेवढ्याच मालात अंगण भरलं. स्पेसर, म्हणजे सगळे सांधे सारखे यावेत म्हणून मध्ये लावायचे तुकडे, मागितले तर म्हणे हाताचा अंदाज आहे. अहो, या फरशीवर विटांच्या मधल्या खोट्या फटी 10 मिमीच्या छापलेल्या असतात, खरा सांधा त्याच मापाचा आणि त्याच रंगाचा असला तरच सलग वीटकाम वाटतं, नाहीतर प्रत्येक फरशीचा चौकोन वेगळा उठून दिसतो. आमच्याकडे तेच झालंय. नग मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि टेप खिशात ठेवा.

सांधे भरले म्हणजे काय केलं, तर कोरडी वाळू-सिमेंट झाडूने पसरली आणि वरून पाणी मारलं. खडबडीत छापात सिमेंट बसलं, सगळ्या लाल रंगावर राखाडी पापुद्रा. सांध्यातला माल आता बोटाने निघतो, पाणी खाली जातं, कडेच्या फरशा हलतात. जेमतेम ओला माल थापीने दाबून भरायचा असतो, एकेक सांधा, फरशीचं तोंड स्वच्छ ठेवून. वेळ लागतो म्हणून कुणी करत नाही. पापुद्रा काढायला ॲसिड सुचवतील, अजिबात ओतू नका, सिमेंटबरोबर फरशीचं तोंडही खातं.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. ग्राहक तक्रारीच्या ऑफिसात गेलो तर बिलावर जाडी लिहिलेली नाही म्हणून बोट दाखवलं, बिलावर फक्त "फरशी, 1 लॉट" एवढंच. मी म्हणलं टेप लावून बघा ना, 35 मिमी दिसतंय. तर म्हणाले नाही, लॅबचा रिपोर्ट आणा, तो तुमच्याच खर्चाने, आणि नमुना समोरच्या पार्टीच्या हजेरीत घ्यायचा. समोरच्याचा फोन बंद आहे म्हणून तर तुमच्याकडे आलोय! त्यावर उत्तर काय, तर त्याचा पत्ता शोधून आणा. मग तुम्ही कशासाठी बसलाय? एकाने तरी जागेवर येऊन बघावं, एकही आला नाही. फसवणाऱ्याला हे सगळं पाठ असतं, म्हणूनच तो बिलावर नुसतं "लॉट" लिहितो.

बिलावर नग, लांबी, रुंदी, जाडी, सांध्याचं माप लिहून घ्या. लिहीत नसेल तर टेम्पो गेटवरूनच परत पाठवा.