राज्य आणि स्थानिक शासन: बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा पेपर, आठ महिन्यांनंतर

बारावीनंतर सुटलेलं शिक्षण चाळिशीच्या तोंडावर पुन्हा हातात घेतलं. बाहेरून बी.ए., विषय राज्यशास्त्र. पहिल्या वर्षाला महाराष्ट्राचं राज्य आणि स्थानिक शासन हा पेपर घेतला, तो सोपा असेल म्हणून. खरं कारण एवढंच. शाळेत नागरिकशास्त्राचं पुस्तक सगळ्यात पातळ असायचं, तेच जरा फुगवून पुढ्यात ठेवलं असेल असा माझा हिशेब. आठ महिने झाले, दोन्ही सत्रं लिहून झाली, मार्क बरे पडले. यंदा प्रवेश घेणाऱ्या ओळखीच्या दोघीतिघी सारखं विचारतायत, म्हणून एकदाच नीट लिहिते.

पहिलं सत्र राज्याचं. राज्यपाल, मुख्यमंत्री, २८८ आमदारांची विधानसभा, ७८ जणांची विधान परिषद, मंत्रालय, नागपूरचं हिवाळी अधिवेशन. रोज पेपर वाचणाऱ्याला यातलं निम्मं आधीच माहीत असतं. हा भाग नोट्सवर निघतो, जास्त वेळ घालवू नका.

अडकले मी एका आकड्यापाशी. परिषदेचे ७८ कसे होतात तर ३०, २२, ७, ७ आणि १२. आमदारांनी निवडलेले ३०, स्थानिक संस्थांनी निवडलेले २२, पदवीधर ७, शिक्षक ७ आणि राज्यपालनियुक्त १२. हे सगळे पाठ करतात. पण त्या २२ जणांना मत कोण देतं? नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य असे लोक. आणि ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात गेल्यावर निवडणुका तर लांबतच गेल्या. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक बसला, तो तीन वर्षांहून जास्त होता. इतरही बऱ्याच ठिकाणी तीच गत. नगरसेवकच नव्हते, म्हणजे मतदार नव्हते, म्हणजे विधान परिषदेतल्या त्या २२ पैकी कित्येक जागा रिकाम्या राहिल्या. खाली पीठच नाही, तर वर भाकरी कुठून येणार? पुस्तकात मात्र राज्यघटनेचं कलम २४३-यू ठळक अक्षरात: नगरपालिका-महापालिकांची मुदत पाच वर्षं, मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. संपर्क वर्गात सरांना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, "ताई, पेपरात पाच वर्षंच लिहा."

ही या पेपरची पहिली खोट. पुस्तक गोठलेलं आणि कायदा पळता. सरपंचाचंच घ्या. २०१७ साली थेट जनतेतून निवड आली, २०२० ला ती रद्द होऊन पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. माझ्या हातातलं पुस्तक सदस्यांतून म्हणत होतं, बाजारातलं गाइड थेट म्हणत होतं, आणि जुन्या प्रश्नपत्रिकेच्या नमुना उत्तरात दोन्ही नव्हतं. ग्रामसेवकाचं पदनाम २०२४ मध्ये बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं, तेही पुस्तकाला ठाऊक नाही. (गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) त्यामुळे पहिला सल्ला असा: पुस्तक कोणतंही घ्या, छापल्याचं वर्ष बघून घ्या आणि समासात पेन्सिलीने दुरुस्त्या करत चला. माझं पुस्तक आता होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सदऱ्यासारखं दिसतंय.

दुसरं सत्र स्थानिक शासनाचं, आणि पेपरचा जीव त्यात आहे. सुरुवात कंटाळवाणी आहे, आधीच सांगते. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव, मग पंचायतराजवरच्या समित्या: बळवंतराय मेहता समिती १९५७, वसंतराव नाईक समिती, मग बोंगिरवार, मग पी. बी. पाटील. समिती, साल, शिफारशी. नाईक समितीच्या २२६ शिफारशी होत्या हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, पण २२६ हा आकडा कळून कुणाचं काय भलं झालं देव जाणे. खरी गोष्ट त्याच प्रकरणात एका वाक्यात उरकली आहे: या समितीने कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. म्हणून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा त्यांना स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला. या एका वाक्याचा अर्थ मला पुस्तकाने सांगितला नाही, आमच्या भाऊजींच्या हेलपाट्यांनी सांगितला.

झालं असं की सासरच्या घराचं छत बदलायला कर्ज काढायचं ठरलं. बँकेतल्या माणसाने सांगितलं, "आठचा उतारा आणा." भाऊजी सकाळी उठून तलाठ्याकडे. तिथून उतारा घेऊन बँकेत. बँकवाला म्हणाला, हा नाही. पुन्हा तलाठी, पुन्हा तोच कागद. दोन दिवसांची रजा गेली. रात्री फोनवर वैतागून म्हणाले, "वहिनी, तुम्ही ते सरकारबिरकार शिकताय ना, मग सांगा आठ म्हणजे नक्की काय?" मी कागदाचा फोटो मागवला. वर लिहिलं होतं आठ-अ. हा शेतीचा खातेउतारा: खातेदाराच्या नावावर कोणत्या गटात किती जमीन, एवढंच. गावठाणातल्या घराचा त्यात उल्लेख असायचं कारणच नाही. बँकेला हवा होता ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. नाव जवळजवळ सारखं, पण खातं वेगळं, माणूस वेगळा, कचेरी वेगळी.

त्या रात्री मी वहीत दोन जिने काढले. एक महसुलाचा: तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर. दुसरा विकासाचा: ग्रामसेवक, विस्तार अधिकारी, बीडीओ (गटविकास अधिकारी), सीईओ (जिल्हा परिषदेचा तोच मुख्य कार्यकारी अधिकारी). दोन्ही गावातून निघून जिल्ह्याला पोचतात, मधे दरवाजा जवळपास नाही. जमीन, जमिनीचे वारस, पीकपाणी, दाखले पहिल्या जिन्याने. घरपट्टी, नळ, गावातला रस्ता, शाळेची खोली दुसऱ्या. पुस्तकात पहिला जिना जिल्हा प्रशासन म्हणून एका टोकाला आणि दुसरा पंचायतराज म्हणून दुसऱ्या टोकाला, मधे सत्तर पानं. शेजारी शेजारी काढून कुणीच दाखवत नाही. हे चित्र पहिल्या तासाला फळ्यावर निघायला हवं होतं. माझ्या बॅचमधल्या, गावात वाढलेल्या मुलीही तलाठी पंचायतीचा माणूस समजत होत्या. एकाच पारावर दोघं बसतात, कुणाचा गोंधळ होणार नाही?

प्रकल्पाला मी ग्रामसभा घेतली. २ ऑक्टोबरची. कायद्याने गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते. मी शाळेच्या व्हरांड्यात खांबाला टेकून मोजत बसले. अकरा वाजता एकोणीस माणसं, त्यात बायका तीन, मला धरून. साडेअकराला सभा तहकूब झाली. मला वाटलं संपलं. पण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, विषय मात्र तेच ठेवावे लागतात. पुढच्या सभेला बावीस माणसं होती आणि सगळे ठराव रीतसर मंजूर झाले. शिपाई वही घेऊन एकेकाकडे सह्या मागत फिरत होता, काहींनी घरातल्या न आलेल्यांच्याही केल्या. हे मी प्रकल्पात लिहिलं नाही. आदल्या दिवशी महिला सभा व्हायला हवी होती, तिची नोंद वहीत होती. सभा काही मी पाहिली नाही.

याच्या उलट उदाहरणही याच पेपरात भेटतं, आणि ते वाचताना मी पुस्तक मिटवून बसले होते. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा, ‘दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं, २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं. पुस्तकात त्याला अर्धं पान. समित्यांच्या यादीला बारा पानं.

पैशाचं प्रकरण सगळ्यात कच्चं. राज्यघटनेच्या ११व्या अनुसूचीतले पंचायतींचे २९ विषय आणि १२व्या अनुसूचीतले शहरांचे १८ असे घोकून घेतले जातात, पण त्या विषयांसाठी पैसा कुठून येतो यावर दीड पान. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, आणि ४० टक्के अबंधित, हे मला ग्रामसेवकानेच सांगितलं. तेही सरपंच रस्त्याला पैसे का देत नाही म्हणून एकजण तावातावाने बोलत होता तेव्हा. पुढे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा उघडून पाहिला. परीक्षेच्या दृष्टीने शून्य उपयोग, पण तीन तास कुठे गेले कळलं नाही. तुम्ही हा पेपर घेतलात तर पहिल्याच आठवड्यात आपल्या गावाचं पान उघडा.

शहरात राहणाऱ्यांना महापालिकेचं प्रकरण आवडेल. मुंबईचा कायदा १८८८ चा, बाकीच्या शहरांना १९४९ चा, आणि दोन्हीकडे कारभाराची किल्ली आयुक्ताकडे. महापौराला मान आहे, सही नाही. निवडणुकीत पोस्टर बघताना हे कुणाला सुचत नाही.

गुण द्यायचेच तर पाचात साडेतीन. दीड गुण जुन्या पुस्तकाला आणि समित्यांच्या पाठांतराला कापला. फक्त मार्कांसाठी घेत असाल तर याहून सोपे पेपर आहेत. कचेरीत खेटे घालणारं माणूस घरात असेल तर हाच घ्या.

कर्जाचं अजून झालेलं नाही. नमुना ८ मिळाला, पण त्यावर घर अजून आजेसासऱ्यांच्याच नावावर निघालं, त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. घराच्या वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे जायचा आहे. भाऊजी सोमवारी तारीख विचारायला जाणार आहेत. कुठे जायचं ते या वेळी त्यांनी मला विचारलं नाही.